कामगार मंत्री साहेब, तो शेवट खोटा आहे

मा. कामगार मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. परवा रात्री १९४९ चा अमेरिकन पिक्चर 'बॉर्डर इन्सिडेंट' पाहिला, दिग्दर्शक अँथनी मानचा. मेक्सिकोच्या शेतमजुरांना चोरून अमेरिकेत नेणारे दलाल आणि त्यांच्या मागावर दोन देशांचे दोन अधिकारी. एकाला शेतात पाडून त्याच्या अंगावरून ट्रॅक्टरचा वखर नेतात अन् दुसरा लपून पाहत राहतो, काहीच करू शकत नाही. इथपर्यंत पिक्चर खरा आहे. मग दलाल रुतत्या वाळूत बुडतात आणि निवेदक सांगतो की आता मजूर दोन देशांच्या छत्राखाली सुखरूप आहेत. साफ खोटं! मेक्सिकोचे मजूर करारावर अमेरिकेत नेणारी त्या काळातली सरकारी ब्रासेरो योजना होती, तिच्यात १९४२ पासूनच्या पहिल्या काही वर्षांत, कागदपत्रं करून रीतसर गेलेल्या मजुरांच्या पगारातून १० टक्के बचत म्हणून कापले आणि हजारो लोकांना ते कधी भेटलेच नाहीत.

मला हे इतकं का लागलं ते सांगतो. माझी मोठी बहीण भिवापूर तालुक्यातली, मिरची तोडायला मुकादमासोबत तेलंगणात गेली, हिशेब शेवटी करू म्हणाला अन् शेवटी अर्धेच पैसे हातावर ठेवून गायब झाला, आता फोन बंद. आमच्या भिवापुरी मिरचीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि आमच्याच बाया दुसऱ्याच्या शेतात मिरची तोडून राहिल्या, याची लाज कोणाला वाटायला पाहिजे? नागपुरात एका सरकारी कार्यालयात गेलो तर म्हणे काम तिकडे झालं, तक्रार तिकडेच करा. माझी रजा गेली, पगार कापला, ताईच्या हाताची आग अजून जात नाही, रात्री ओला फडका गुंडाळून झोपते ती.

परराज्यात नेल्या जाणाऱ्या मजुरांसाठीच्या १९७९ च्या कायद्यात ५ मजूर नेणाऱ्या ठेकेदारालाही लायसन लागत होतं, मजुराला फोटोचं पासबुक द्यावं लागत होतं. ताईने असं पासबुक जन्मात पाहिलं नाही. नव्या कामगार संहितेत तुम्ही लोकांनी ती मर्यादा १० वर नेली, म्हणजे ९ बाया गाडीत कोंबून नेल्या की तो मुकादम मोकळा! २०२० मध्ये हेच मजूर आमच्या हायवेने उन्हात पायी चालले तेव्हा सगळ्यांना दिसले, मग २०२१ पासून असंघटित मजुरांच्या नोंदणीची ई-श्रम कार्डं वाटली, ताईकडेही आहे, त्या कार्डाने मुकादमाकडून एक रुपया काढून दाखवा. बहुतेक दर डिसेंबरला विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात येतं, मोर्चे बॅरिकेडपाशी अडतात, शिष्टमंडळ आत जाऊन आश्वासन घेऊन येतं, वर्षानुवर्षं हेच चालू आहे.

पुढच्या तोडणीआधी भिवापूरला मुकादमांची नोंदणी सुरू करा आणि बुडालेल्या मजुरीची तक्रार मजुराच्या गावातच घ्या. उत्तर जाहीर द्या, मला एकट्याला नको.

आपला,
एक भिवापूरकर, सध्या मुक्काम नागपूर