बॅटरी निर्दोष सुटली

चोपडा,
मृगाचा तिसरा दिवस

प्रिय दिनू,

परवा फोनवर म्हणालास, स्कूटरचं सेल्फ पुन्हा बसलं, आता नवी बॅटरी टाकतो. थांब भो! दुकानात जाण्याआधी हे वाच. फोनवरच सांगितलं असतं, पण तू मध्येच "हो हो, कळलं" म्हणतोस आणि कळलेलं काहीच नसतं.

आपल्या दोघांच्या स्कूटर एकाच मॉडेलच्या, म्हणून हा खटाटोप. माझी हिवाळ्यापासून रडत होती. आठ-दहा दिवसांनी फ्यूज उडायचा. हॉर्न, इंडिकेटर, सेल्फ सगळं ठार. किक मारली की मात्र इंजिन सुरू, हेडलाइटही लागायचा. आपल्या जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो, बॅटरीला विचारत नाही. म्हणजे बिघाड बॅटरीकडच्या वायरिंगमध्ये, हे गाडी स्वतःच सांगत होती. मी ऐकलं नाही. १० अँपिअरचा फ्यूज उडाला की परत १० चा. एकाने २० चा टाकायचा सल्ला दिला, तेवढा गाढवपणा मात्र केला नाही. मग फ्यूज शाबूत राहिला असता आणि वायरिंग पेटलं असतं.

त्यात बॅटरीही उतरायला लागली. रोज जळगाव करूनही सकाळी सेल्फ नुसतं टुक-टुक. नवी बॅटरी घेतली, जुनी २०० रुपयांत मोडीत दिली. तीन आठवड्यांत नवीही बसली. मग आरआर युनिट, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर, बदललं. तेही फुकट. घरी तर बोलणं सुरू झालं होतं, की एवढ्यात म्हशीची पारडी आली असती.

मे महिन्यात, भर उन्हात, विदगावच्या पुलाअलीकडे केळीच्या ट्रकमागे हॉर्न दाबला तर मुका. फ्यूज गेलेला. तसाच अडावदपर्यंत आलो. तिथे स्टँडजवळ एक म्हातारे इलेक्ट्रिशियन बसतात. त्यांनी नवा फ्यूज लावलाच नाही. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडला, चावी चालू केली आणि म्हणाले, "आता हँडल फिरव." उजवीकडे काही नाही. डावीकडे पूर्ण वळवलं आणि बल्ब लख्ख पेटला! सरळ केलं की विझला. शॉर्ट झाला की सगळा करंट त्या बल्बातून जातो, पण बल्ब त्याला आवर घालतो, म्हणून जळत काही नाही. डझनभर फ्यूज उडवून मला जे कळलं नव्हतं, ते एका बल्बाने दोन मिनिटांत दाखवलं.

पुढचं फायबर उघडलं. हँडलच्या दांड्याजवळून वायरिंगचा जुडगा जातो ना, तिथली टेप झिजलेली, आणि एका वायरीचं रबर घासून आत तांब्याचा डासाच्या पायाएवढा तुकडा चमकत होता. डावीकडे वळलं की तो चासीला टेकायचा. म्हणून सरळ रस्त्यावर नाही, बहुधा माझ्या गल्लीच्या वळणावर फ्यूज जायचा.

मग म्हटलं, चार्जिंगचंही बघा. त्यांनी मीटर लावलं. गाडी रेस केल्यावर आरआरच्या तोंडाशी १४.१ व्होल्ट, बॅटरीवर १२.५. "बॅटरी चांगली शे भो, चूक तारमा शे," म्हणाले. १.६ व्होल्ट वाटेतच गायब. मधला कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड, काढला तर पांढरं प्लॅस्टिक बिस्किटासारखं करपलेलं, आतली पिन काळी. ताकद तिथेच उष्णता होऊन वाया जात होती. पिना बदलल्या, झिजलेल्या वायरीवर स्लीव्ह चढवली, चासीवरचा अर्थचा बोल्ट गंजला होता तो पॉलिश पेपरने घासून परत आवळला. बॅटरीवर १३.९! घेतले १५० रुपये. नवी बॅटरी आणि आरआर यांचा हिशेब मी तुला सांगणार नाही.

तर तू एक साधं डिजिटल मीटर घे. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली. १२.२ च्या खाली असेल तर उतरलेली, पण उतरली म्हणजे मेली असं नाही, आधी बाहेरून चार्ज करून बघ. गाडी रेस केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ पाहिजे. तेवढं चढत नसेल तरी लगेच आरआर घेऊ नकोस. कपलर उघड, वास घे, जळका असेल तर नाकालाच कळतं. आणि मीटर करंटच्या खुणेवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावू नकोस, मी तेही करून मीटरचा फ्यूज उडवलाय.

माझा डावा इंडिकेटर अजून घाईघाईने लुकलुकतो. मागचा बल्ब गेला असणार, रविवारी बघतो. आईच्या गुडघ्यांचं काय झालं? त्यांना नमस्कार सांग. येताना नाशिकहून काही आणू नकोस, इथे भरिताची वांगी संपली असली तरी शेवभाजी आहेच.

आणि आज संध्याकाळी एवढं कर. चावी चालू ठेव, हँडल डावीकडे पूर्ण वळव, हॉर्न दाब. वाजला का ते कळव.

तुझा,
सुन्या