साहेबांनी आधी स्वतःचं नाव लिहिलं

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "चूक आपणहून सांगायला कशाला गेलीस?" आजूबाजूला माणसं होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय.

मेट्रोच्या एका खांबाच्या काँक्रीटचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायला त्याच मालाचे पाडलेले ठोकळे, सात दिवसांनी तपासले, ते ताकदीला कमी भरले. का, ते मला ठाऊक होतं. त्या रात्री ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे काँक्रीट आणणारी गाडी, वाहतुकीत अडकून उशिरा आला. माल घट्ट झाला होता, पोरांनी त्यात पाणी मारलं. पाणी वाढलं की ताकद घटते. स्लम्प घेऊन, म्हणजे माल किती पातळ-घट्ट आहे ते मोजून, गाडी परत पाठवणं माझं काम. पहाटेचे तीन वाजले होते, मी पाठवली नाही.

आधीच्या नोकरीत असते तर गप्प बसले असते. तिथले साहेब पाहुणे येणार असले तरच साईटवर दिसायचे. लॅबमध्ये जादा सिमेंटचे क्यूब तपासणीत दाखवायला वेगळे करून ठेवलेले असायचे. हे कुणी शिकवलं नव्हतं, नवा माणूस आठवड्याभरात बघून शिकायचा.

इथले साहेब रात्रीच्या कामाला स्वतः उभे असतात, चहासुद्धा पोरांच्याच किटलीतला पितात. मी सांगितल्यावर घडीभर बोलले नाहीत. मग रजिस्टर ओढलं आणि माझ्या नावाच्या वर आपलं नाव लिहिलं. 'एक वाजता मी घरी गेलो. उशिरा येणाऱ्या गाडीबद्दल सूचना देऊन गेलो नाही.' खांबातून कोअर, म्हणजे तपासणीचे नमुने, कापून काढले, तेही कमी भरले. तेवढा भाग फोडून पुन्हा ओतला. मला बोलणी बसली, चांगलीच बसली, पण दार लावून.

कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रो उभी करणाऱ्या श्रीधरन साहेबांचं नाव मी तुमच्याच तोंडून ऐकलं, बाबा. कोकण रेल्वेच्या कामावर उरलेले दिवस मोजणारी उलटी घड्याळं लावली होती, ते तुम्ही किती कौतुकाने सांगायचात! मला मात्र त्यांचं दिल्लीतलं जास्त आठवतं. १२ जुलै २००९ ला जमरूदपूरला मेट्रोचं चालू काम कोसळून सहा माणसं गेली. त्याच दिवशी, ७७ व्या वर्षी, त्यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, ते कामावर परतले. ठेकेदाराकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं त्यांना.

गेल्या मंगळवारी पुन्हा गाडी उशिरा आली. पाण्याचा पाईप घेऊन गाडीवर चढलेल्या पोराला फोरमनने खाली उतरवलं आणि मला फोन केला, "मॅडम, या, आधी स्लम्प बघा." त्या रात्री पाणी मारायला त्यानेच सांगितलं होतं. गाडी परत गेली, रात्र फुकट गेली. सकाळी साहेबांनी फोरमनच्या खांद्यावर हात ठेवला, बस.

आई, तू काळजी करू नकोस, नोकरी शाबूत आहे. गणपतीला रात्रीच्या गाडीने येतेय. करबुड्याचा बोगदा सुरू झाला की फोन करीन, म्हणजे त्याआधीच करते, आत रेंज नसते. बाबांना स्टेशनवर पाठव.

तुमची,
बाय