ओळंब्याच्या दोरीवर ध्रुव दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या हवामान यंत्राची दिशा आपण नीट लावून दिलीत, त्याला आता महिना होत आला. निरोप घेताना गळा दाटून आल्यामुळे जे बोलता आले नाही, ते आज लिहिते आहे.

डिसेंबरात गव्हावर टू-फोर-डी हे तणनाशक मारण्यापूर्वी मी यंत्राच्या पडद्यावर पाहिले, तेव्हा वारा उत्तरेचा दिसत होता. म्हणजे औषध उडालेच असते, तर दक्षिणेच्या पडीक रानात गेले असते. प्रत्यक्षात वारा ईशान्येचा होता आणि नैऋत्येला शेजारच्या भाऊंची द्राक्षबाग होती. काही दिवसांतच बागेतली कोवळी पाने पंख्यासारखी आवळली, त्यांच्या शिरा एकमेकींजवळ ओढल्या गेल्या आणि बांधावरचे बोलणे बंद झाले. द्राक्षवेलीला हे तणनाशक किंचितही सोसत नाही, हे ठाऊक होते म्हणूनच तर मी यंत्र घेतले होते. ते बसवणाऱ्यांनी लोखंडी खांबाला मोबाईल टेकवून त्यातल्या होकायंत्रावर उत्तर ठरवली होती. मी चार वेळा फोन केले, तेव्हा "सेन्सर कंपनीतूनच तपासून येतो" एवढेच उत्तर मिळाले. सेन्सर निर्दोष असला, तरी खांबावर जितका फिरवून बसवावा, तितक्याच अंशांनी प्रत्येक नोंद चुकते, हे ऐकून घेण्याइतकाही वेळ त्यांच्याकडे नव्हता.

हवामान खात्यातून निवृत्त झालेले आपण, ओळखीच्या ओळखीने आलात आणि आधी यंत्राकडे न पाहता भोवतालच्या आडोशांकडे पाहिलेत. चार मीटर उंचीच्या पंपघराला खेटून उभा असलेला खांब आपण चाळीस मीटरांहून दूर, मोकळ्यावर हलवायला लावलात. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्यांच्या आसात साचलेली धूळ काढलीत आणि हातातला वेगमापक तेवढ्याच उंचीवर धरून दहा-दहा मिनिटांच्या सरासऱ्या वहीत ताडून पाहिल्यात. खांबापासून लांब उभे राहून होकायंत्राने दिशाही लावून झाली होती. तेवढ्यावर आपण निघाला असतात, तरी माझी काहीच तक्रार नव्हती.

पण आपण अंधार पडेपर्यंत थांबलात. "एकदा फसलात, आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहा," असे म्हणून आपण दोन ओळंबे टांगलेत आणि बांधापलीकडे उभ्या असलेल्या भाऊंना हाक मारलीत, "जरा बॅटरी धरता का?" भाऊ आले. दोन्ही दोऱ्या एकीमागे एक आणून, क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर असलेला ध्रुव आपण आधी त्यांना दाखवलात आणि मग मला. खऱ्या उत्तरेपासून तो एका अंशाच्याही आत असतो, हे भाऊंना समजावून सांगताना आपला आवाज जितका मृदू होता, तितक्या मृदूपणे त्या हंगामात आमच्या बांधावर कोणीच बोलले नव्हते. मानधनाचे पाकीट आपण परत केलेत, त्याहूनही ती हाक मला मोठी वाटते. झालेल्या नुकसानीबद्दल आपण एक शब्द काढला नाहीत, कोणाची चूक हे विचारले नाहीत. फक्त दोघांना एका दोरीमागे उभे केलेत. असे सौजन्य अंगी असलेली माणसे तालुक्यात दोन-चार असली, तरी कितीतरी बांध बोलते राहतील.

परवा सकाळी फवारणीपूर्वी भाऊंचाच फोन आला. "ताई, तुमच्या खांबावर वारा कुठला दाखवतोय?" मी वर पाहून सांगितले, आणि त्यांनी पंप दुपारनंतर काढला.

आपली कृतज्ञ,
निफाड तालुक्यातील एक शेतकरी