जसदेव सिंग यांचा आवाज

महोदय,

हॉकीच्या धावत्या समालोचनाचा विषय निघाला की मला आकाशवाणीवरचे समालोचक जसदेव सिंगच आठवतात. मार्च १९७५. क्वालालंपूरला विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान. खानापुरात चहाच्या दुकानातल्या रेडिओभोवती आम्ही पोरं दाटीवाटीनं उभी होतो. हिंदी निम्मीच कळायची. पण चेंडू कुठल्या बाजूनं 'डी'कडे, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाकडे निघालाय, हे जसदेवजींच्या वाढत्या लयीवरून बरोबर समजायचं! एका गोलानं मागे पडलेल्या भारताला सुरजित सिंगनं बरोबरीत आणलं, मग ध्यानचंदांचे चिरंजीव अशोककुमार यांचा गोल झाला, २-१. दुकानातले मराठी-कन्नड सगळे एकाच भाषेत ओरडले. (मालकांनी चहाचे पैसे मात्र सोडले नाहीत.)

१९५५ मध्ये जयपूर आकाशवाणीत लागलेल्या जसदेव सिंगांनी पुढे नऊ ऑलिंपिकचं वर्णन केलं. प्रजासत्ताक दिनाचं संचलनही वर्षानुवर्षं देशानं त्यांच्याच तोंडून ऐकलं. १९८५ मध्ये पद्मश्री, २००८ मध्ये पद्मभूषण. सप्टेंबर २०१८ मध्ये ते गेले.

टीव्हीवर चित्र समोर दिसत असतानाही हल्लीचे समालोचक क्षणभर गप्प बसत नाहीत. जसदेवजींना तर चित्रही शब्दांतच काढावं लागे. टोकियो ऑलिंपिक १९६४ च्या सुवर्णविजेत्या भारतीय हॉकी संघातले बंडू पाटील आपल्या बेळगावचे. इथल्या शालेय हॉकी स्पर्धांत एखाद्या मुलाच्या हाती माईक देऊन मराठीत, कन्नडमध्ये समालोचन करू द्यायला काय हरकत आहे?

– एक जुना श्रोता, टिळकवाडी, बेळगाव