फोटोवाला आला होता

नाशिक,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

ती. बाबा व ती. आई,
सा. न. वि. वि.

आई, हे पत्र तूच वाच आणि मोठ्यानं वाच. बाबांच्या डोळ्याला अजून ताण द्यायचा नाही, आणि कानाचं मशीन ते लावत नाहीतच. मध्ये एका ठिकाणी मी फुली मारली आहे. तिथून पुढचं आधी मनातल्या मनात वाच. मग वाटलं तर त्यांना सांग, नाही वाटलं तर नको.

सोलापूरला दोन तास थांबले खरी, पण तेवढ्यात दादाची पोरं, भाऊबीजेची ताटं, वहिनीचा आग्रह. बाबा सारखे विचारत होते, ‘मेळाव्याला कोण कोण आलं होतं?’ आणि मी ‘सगळे आले होते’ म्हणून मोकळी झाले. आता नीट सांगते.

सगळे नव्हते आले. एकोणतीस जण होतो. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स, ‘दहावी, मार्च १९९४, स्नेहमेळावा’. हलगी लावली होती, पोरांना फेटे, आम्हाला गजरे. माइकवाला पाऊण तास ‘हॅलो, हॅलो, चेक’ करत होता. निवडणुकीचे दिवस, त्यामुळे एका पुढाऱ्याला आमच्या सरांना शाल घालायची फार हौस आली होती. आमच्यातल्या तिघांनी त्याला फाटकावरच चहा पाजला आणि परत पाठवलं. बाबा, तुम्ही असता तर खूश झाला असता. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालंय, पण पाहुण्यांच्या यादीत दोघांनी उस्मानाबादच लिहिलं होतं, अगदी तुमच्यासारखं. बाकी मंडपातली बोलणी म्हणजे सोयाबीन. यंदाचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये आणि अडतीवर त्याच्या खाली. तीस वर्षांनी भेटलेली माणसं पहिल्या पाच मिनिटांत ओलावा किती टक्के लागला यावर येतात, याची मला गंमत वाटली.

मग वर्ग भरवला. शाळेची घंटा म्हणजे तोच रुळाचा तुकडा, आता नव्या इमारतीच्या व्हरांड्यात टांगलाय. मुख्याध्यापकांनी कपाटातून आमचा हजेरीपट काढून आणला. कडेनं वाळवीनं खाल्लेला. भूमितीच्या सरांनी हजेरी घेतली. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, हात थरथरतो, आवाज मात्र तोच. मी शेजारी उभी होते म्हणून मला पान दिसलं. सत्तेचाळीस नावं. त्यातल्या पाच नावांवर लाल शाईनं फूटपट्टी लावून सरळ रेघ ओढलेली आणि पुढं सरांच्या अक्षरात ‘नाव कमी केले’. तारीख सगळ्यांची एकच. आणखी तिघांच्या पुढं ‘दाखला नेला’. सरांनी लाल रेघेची नावं वाचली नाहीत. पण तिथं आल्यावर बोट थांबायचं आणि मग ते पुढच्या नावाकडं जायचे. पाच वेळा थांबलं. कुणीच काही बोललं नाही.

दाखला नेलेल्यांपैकी एकजण आला होता. सास्तूरच्या रस्त्यावरच्या वस्तीवरचा, मागच्या बाकावर बसायचा, तुम्हाला आठवेल. भूकंपात घरातलं कुणीच राहिलं नाही म्हणून भारतीय जैन संघटनेनं जी बाराशेच्या आसपास मुलं शिकायला पुण्याला नेली, त्यात हाही होता. आता चाकणला कंपनीत आहे. म्हणाला, ‘पुण्यात पहिल्या रात्री स्लॅबखाली झोप येईना. गादी उचलून पटांगणात गेलो, तर तिथं आधीच चाळीस पोरं झोपलेली.’ असं सांगून स्वतःच हसला. आम्हीही हसलो.

बाबा, हे तुमच्यासाठी. वर्गातली एकजण आता भूगोल शिकवते. ती बोलायला उठली आणि सरळ शिकवायलाच लागली. म्हणाली, तेव्हाच्या नकाशात आपला भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचा कातळ, इथं काय हलणार! आणि माणसं धक्क्यानं कमी, घरांनी जास्त मारली. दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाची वर्षानुवर्षं चढवलेली माती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून दमूनभागून माणसं आत झोपलेली. आठ हजारांच्या आसपास गेली.

ती बोलत होती आणि मला आपलं अंगण दिसत होतं. त्याच्या आदल्या वर्षी किल्लारीकडं जमिनीतून गुडगुड आवाज यायला लागले, बारीक धक्के बसायला लागले, तेव्हापासून तुम्ही आम्हाला माळवदाखाली झोपू दिलं नाही. बाकीच्यांनी आठ-पंधरा दिवस बाहेर काढले आणि परत आत गेले. तुम्ही काही हलला नाहीत. थंडीत कडब्याच्या गंजीच्या आडोशाला, पावसाळ्यात बैलांच्या छपरात. मी किती चिडचिड केली होती! डास चावतात, कंदील वाऱ्यानं विझतो, दहावीचं वर्ष आहे, गावात सगळे हसतात. तुम्ही म्हणायचात, ‘हसू दे.’ त्या पहाटे मागची भिंत आत पडली, नेमकी माझी पुस्तकं ठेवायच्या देवळीवर. गोठ्याचं छप्पर नुसतं डोललं. हे मी तुमच्याशी कधी बोलले नाही. तुम्हीही कधी ‘बघ, मी म्हणत होतो’ असं म्हणाला नाहीत. मी असते तर आयुष्यभर म्हणत राहिले असते.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. पाऊस, चिखल, पत्र्याची शेड. शाळेच्या दोन खोल्या बसल्या म्हणून आमचा वर्ग लिंबाखाली. दुपारी सावली सरकली की अख्खा वर्ग फळ्यासकट सरकायचा. भूमितीचा तास सुरू व्हायचा एका फांदीखाली आणि संपायचा दुसऱ्या. वर पाहुण्यांकडून यायचे ते फुकटचे सल्ले. ‘पोरीचं उरकून टाका, घरच राहिलं नाही तर शाळा कसली?’ त्या हिवाळ्यात आमच्या वर्गातल्या चौघींची लग्नं झाली. चौघींपैकी दोघी परवा आल्या होत्या. एकीला नातू आहे. तिनं मला विचारलं, ‘तुझ्या बापानं काय सांगितलं गं सगळ्यांना?’ मी म्हणाले, ‘दहावी होऊ द्या, एवढंच.’ ती म्हणाली, ‘माझाबी असंच म्हणला होता.’ यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

७५० पैकी ४९८. ही बातमी घेऊन तुम्ही उमरग्याहून एस.टी.च्या टपावर बसून आला होता, आत जागा नव्हती म्हणून. हे मी माइकवर सांगितलं. टाळ्या तुम्हाला पडल्या.

×

आई, इथून पुढं मनात वाच.

चहाच्या सुट्टीनंतर एकानं आमचा दहावीचा ग्रुप फोटो मोठा करून आणला होता, तो स्टेजवर लावला. काळापांढरा, लिंबाखालचा. सगळे चष्मे वर-खाली करत स्वतःला शोधायला लागले. आणि एकदम हशा, कारण त्या फोटोत एकाच्याही अंगावर धड गणवेश नाही. मदतीच्या ट्रकांमधून आलेले कपडे. एका पोराच्या अंगात बायकांचं स्वेटर, मोत्याच्या गुंड्यांचं. एकजण गुडघ्यापर्यंत येणाऱ्या कोटात. एकीच्या अंगात नऊवारी फाडून केलेलं काहीतरी. कुणीतरी विचारलं, ‘अगं, तू कुठंयस?’ मी म्हणाले, ‘त्या दिवशी मला ताप होता.’

हे माझं दुसरं खोटं. पहिलं तुला तेव्हा सांगितलं होतं, की फोटोवाला आलाच नाही.

आला होता. उमरग्याहून, स्कूटरवर, तीन पायांचा स्टँड पाठीला बांधून. निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी. आम्हाला उन्हात तीन रांगांत उभं केलं आणि मी पाणी प्यायला म्हणून गेले ती मदतीतल्या काळ्या सिंटेक्सच्या टाकीमागं उकिडवी बसले. सगळे परत वर्गात जाईपर्यंत.

तुला तो स्कर्ट आठवतो. माझा गणवेश भिंतीखाली गेला होता. ट्रकमधून आपल्या वाट्याला दोन घोंगड्या आणि एक खिडकीचा पडदा आला होता, जाड, गुलाबाच्या फुलांचा. ज्या घरात खिडकीच नाही त्या घराला पडदा, म्हणून बाबा हसले होते. तू बाजारातून निळ्या रंगाची पुडी आणलीस. तीन दगडांवर पातेलं ठेवून, मीठ घालून, तो पडदा दोन वेळा उकळलास. कोपरापर्यंत तुझे हात निळे. शिलाई मशीन शेजारणीचं होतं तेही मोडलेलं, म्हणून तू पूर्ण स्कर्ट हातटीपेनं शिवलास, चुण्या घालून. सावलीत एकदम गणवेशाचा निळा दिसायचा. उन्हात उभं राहिलं की खालून फुलं वर यायची. एकेका पाकळीसकट. पोरं मला ‘पडदा’ म्हणायची. प्रार्थनेला मी आले की मागून कुणीतरी हळूच, ‘पडदा उघडा.’ ज्यानं हे नाव काढलं तो परवा माझ्या शेजारी जेवायला बसला होता, नातीचे फोटो दाखवत. त्याला यातलं काही आठवत नाही. मी आठवण दिली नाही.

मी ‘ताप होता’ म्हणाले तेव्हा सर खुर्चीतून म्हणाले, ‘ताप कसला? टाकीमागं होती ही.’

सगळे हसले. मीही हसले, कान गरम झाले. कार्यक्रम संपल्यावर त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले, तेव्हा त्यांनी हळू आवाजात सांगितलं. फोटो धुऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी तू शाळेत आली होतीस. पदराच्या गाठीत बारा रुपये बांधून. एका प्रतीला बारा रुपये पडत होते. शेजारच्या घरी फोटो आलेला बघितला असशील. सरांना म्हणालीस, ‘माझ्या पोरीचा द्या.’ सरांनी फोटो तुझ्या हातात दिला. तू एकेका तोंडावर बोट ठेवत तिन्ही रांगा बघितल्यास, मग पहिल्यापासून परत. सर सांगत होते, ‘मला वाटलं आता तू घरी जाऊन मार खाणार.’ तू फोटो परत दिलास, पैसे परत पदरात बांधलेस आणि म्हणालीस, ‘मी आलते म्हणून तिला सांगू नका.’

तीस वर्षं सरांनी सांगितलं नाही. आई, तूही नाहीस. मी त्या दिवशी घरी आले तेव्हा तू भाकरी थापत होतीस, हे मला ठाम आठवतं असं वाटतंय, पण तू तर रोजच भाकरी थापत होतीस.

दोन दिवस झाले, मी एकच हिशोब मांडत बसलेय. परीक्षेच्या आठ दिवस आधी तू अचानक उमरग्याला बाजारला गेलीस आणि नवं कोरं निळं कापड घेऊन आलीस. ‘मामानं पैसे पाठवलेत’ म्हणालीस. मी तो स्कर्ट घालून सगळे पेपर दिले, केंद्रावर ऊन होतं, मी मुद्दाम उन्हात उभी राहायचे. मामाचं स्वतःचं घर तेव्हा जमिनीला टेकलेलं होतं. त्यानं कुठले पैसे पाठवले? हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सोळाव्या वर्षी नाही सुचलं, मान्य. पण नंतर?

तू रागावलीस का, वाईट वाटलं का, हे विचारायला सोलापूरला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू माझ्या पिशवीत शेंगाचटणीचा डबा कोंबत होतीस आणि म्हणत होतीस, वास लागेल, वरच ठेव. राहून गेलं.

बाबांचे थेंब दिवसातून चार वेळा आहेत, तीन नाही. चिठ्ठी मी फ्रिजवर लावली आहे, दादाला दाखव. मशीन लावायला सांग, निदान मी फोन करेन तेव्हा. फोटोची एक प्रत मी मागून घेतली आहे, डिसेंबरात येताना आणते. मी नाही त्यात, पण तुला मोत्याच्या गुंड्यांचं स्वेटर बघायचं असेल.

आणि एक काम. जुना स्कर्ट तू पुढं वाकळेला लावलास. ती वाकळ गावाहून आणलेल्या ट्रंकेत आहे, दादाच्या माळ्यावर. पोरांना सांगून खाली काढ आणि गॅलरीत ऊन आलं की निळा तुकडा धरून बघ, फुलं अजून दिसतात का ते. मला सांग. फोनवर सांगितलंस तरी चालेल.

तुमची,
ताई