किल्ली एकाच हाती असू दे

पुणे,
वैशाख वद्य

चि. सौ. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बंदुकीचा परवाना तुझ्या नावावर झाल्याचे तू फोनवर सांगितलेस, तेव्हा मी नुसते "बरे झाले" म्हणून गप्प बसलो, याचे तुला वाईट वाटले असेल. बोलण्यासारखे पुष्कळ होते, पण फोनवर मला अर्धेच ऐकू येते आणि तुझ्या मागे नातवाचा दंगा चालू होता. शिवाय यातला काही मजकूर तुला कुडाळच्या फॅब्रिकेटरला वाचून दाखवावा लागेल, म्हणून लिहूनच पाठवीत आहे. बंदूक अजून पोलीस ठाण्यात जमा आहे, ती तिथेच राहू दे. तिजोरी तयार होऊन जमिनीला पक्की बसल्याखेरीज ती घरी आणू नकोस. अर्जासोबत तू सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्र दिले आहेस. त्यावरची तुझी सही कपाटाच्या लाकडी दारावर भागणार नाही.

मी ती बंदूक १९९२ पासून सांभाळली. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, की त्याच्या हयातीतही वारसाला परवाना मिळू शकतो, अशी तरतूद २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. माझ्या बाबतीत दोन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या, तरी गुडघे पार गेल्यावरच मी अर्ज केला, हा माझा हट्ट. तो आता संपला.

सैन्यात शस्त्रागाराला कोत म्हणतात. मी पलटणीत लेखनिक होतो, त्यामुळे बंदुका चालवण्यापेक्षा त्यांच्या नोंदी ठेवण्यातच माझी वर्षे अधिक गेली. कोतात रायफल परत आली की आधी ती उघडून रिकामी असल्याची खात्री होई, मग नंबर वाचला जाई आणि मगच ती साखळीत जाई. त्या वेळी मला हा निव्वळ वेळेचा अपव्यय वाटे. घरी आल्यावर मात्र मी स्वतः काय केले? बंदूक माजघरातल्या लाकडी कपाटात नळी वर करून उभी ठेवली आणि किल्ली भिंतीवरच्या घड्याळाच्या मागे अडकवली. लपवलेली किल्ली घरात कोणालाच ठाऊक नसते, असा माझा समज होता.

तू सात वर्षांची असताना तुझ्या सागरगोट्यांपैकी एक हरवला होता आणि तू दोन दिवस रडत होतीस, हे तुला आठवत असेल. पुढचे मी तुला कधी सांगितले नाही. त्या वर्षी पावसाच्या तोंडावर तेल द्यायला मी बंदूक काढली, नळ्या खाली पाडून ती उघडली, आणि उजव्या नळीतून तो राखी रंगाचा गोटा चटईवर टपकन पडून घरंगळत गेला. बारा बोअरच्या नळीचे तोंड जेमतेम साडेअठरा मिलिमीटरचे असते, त्यात तो अगदी बेताने गेला असणार. बंदूक रिकामी होती आणि काडतुसे दुसरीकडे होती, म्हणून मी तो गोटा उचलून खिशात टाकू शकलो. पण खुर्चीवर चढून घड्याळामागची किल्ली काढणारे ते बोट आणखी कुठे कुठे गेले असेल, या विचाराने मला कितीतरी रात्री झोप आली नाही. किल्लीची जागा मी बदलली, तिजोरी मात्र केली नाही. पैसे नव्हते हे खरे, पण पैसे नव्हते एवढेच कारण नव्हते.

आता मापांकडे वळतो. आपली दुनळी जोडलेल्या स्थितीत सुमारे ११९ सेंटिमीटर भरते, म्हणजे ती उभी ठेवायची तर तिजोरीची आतली उंची १२५ ते १३० सेंटिमीटर हवी. बाजारातल्या बहुतेक घरगुती तिजोऱ्या याच्या निम्म्याही उंच नसतात, आणि उंच मिळते ते साधे कपड्यांचे लोखंडी कपाट, ज्याचा पत्रा एक मिलिमीटरसुद्धा नसतो आणि जे पहारेच्या एका हिसक्यात उघडते. म्हणून माझे मत असे आहे की बंदूक सोडवून ठेवावी. नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढला की नळ्या दस्त्यापासून सुट्या होतात, आणि मग सर्वांत लांब भाग उरतो तो ७६ सेंटिमीटरच्या नळ्यांचा. त्यासाठी ९० सेंटिमीटर उंच, ४० रुंद आणि ३० खोल अशी तिजोरी पुरेशी होते. ती पाहणाऱ्याला दागिन्यांची तिजोरी वाटते, आणि सोडवलेली बंदूक चुकून कोणाच्या हाती पडली तरी ती जोडता येणे सोपे नसते. नळ्यांखालचा तो तुकडा तर तू तिजोरीतही ठेवू नकोस, दुसऱ्या कुलपात ठेव.

जावईबापूंनी यावर हरकत घेतल्याचे तू सांगितलेस. बंदूक जोडेपर्यंत रानडुकरे निघून जातील, हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. जाऊ देत. तसेही शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. तिच्यासाठी वनखात्याकडे वेगळे जावे लागते, आणि ती कागदोपत्री मिळेपर्यंत डुकरांनी सुरणाचे वाफे उकरून झालेले असतात. तीस वर्षांत मी झाडलेल्या बहुतेक गोळ्या आभाळात गेल्या आहेत.

फॅब्रिकेटरला हे स्पष्ट सांग की अंगाचा पत्रा ३ मिलिमीटरचा आणि दाराचा ५ मिलिमीटरचा हवा. तो "दोनचा पुरतो, ताई" असे म्हणेल, कारण त्याला वाकवायला सोपा जातो. वर दिलेल्या मापाची तिजोरी या पत्र्यात सुमारे ४० किलोची होईल आणि चौकट व कुलूप धरून पन्नासच्या आसपास जाईल. बिजागऱ्या बाहेरून दिसत असतील तर त्या कापून दार उचकटता येते. त्यासाठी बिजागरीच्या बाजूला दाराच्या आतून एक जाड पट्टी वेल्ड करून घे, म्हणजे दार बंद झाल्यावर ती चौकटीत अडकेल आणि बिजागरी कापली तरी दार सुटणार नाही. तिजोरी ताब्यात घेण्याआधी त्याच्या समोर दार बंद करून फटीत पोस्टकार्ड सारून पाहा. ते सहज आत गेले, तर पहारेचे टोकही जाईल.

पन्नास किलो दोन माणसे सहज उचलून नेतात, म्हणून खरी तिजोरी चार बोल्टांत असते. आपल्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत आणि ठोकून फुगणारा साधा बोल्ट चिऱ्यात नीट धरत नाही; चिरा भुगा होऊन सुटतो. माजघराच्या उत्तरेला, जिथे पूर्वी पाट्याची जागा होती, तिथे मी २००६ मध्ये काँक्रीटचा कोबा घातला आहे. तिजोरी तिथे ठेवून तळाच्या आतून चार १२ मिलिमीटरचे बोल्ट खाली उतरव. भिंतीलाही धरायचे असेल तर रसायन भरून बसवायचे बोल्ट वापर. पश्चिमेच्या भिंतीला ती टेकवू नकोस, कारण आषाढात त्या भिंतीतून पाणी झिरपते. कोणत्याही भिंतीपासून ती दोन बोटे लांब राहू दे आणि तळाखाली रबराचा जाड तुकडा घाल.

कुलपाविषयी तू बोटाच्या ठशाचे घ्यावे म्हणतेस. चैत्र-वैशाखात तुझे हात काजूच्या तेलाने सोलवटलेले असतात, बाय. ज्या बोटांची कातडी दर हंगामात निघते, त्यांचा ठसा यंत्राने कसा ओळखावा? आकड्यांचे कुलूप त्याहून बरे, पण त्याच्या बॅटऱ्या दमट हवेत पाझरतात, आणि बहुतेकांना अडीअडचणीसाठी म्हणून जे किल्लीचे भोक दिलेले असते ते कुलूप अगदीच कमकुवत असते. मी साध्या, जड, निदान सात लिव्हरच्या कुलपाच्या बाजूने आहे. तरीही आकड्यांचेच घेतलेस, तर कारखान्यातून आलेला आकडा पहिल्याच दिवशी बदल, आणि नव्या आकड्यात नातवाची जन्मतारीख घालू नकोस. ती त्यालाही पाठ आहे.

आता आतली व्यवस्था. चोराइतकाच आपला दुसरा शत्रू म्हणजे हवा. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर गंज वेगाने चढतो, आणि आपल्याकडे जुलैत ती नव्वदीच्या आसपास असते. आगीपासून रक्षण करणारी तिजोरी घ्यावी असे तुला कोणी सुचवेल, पण ती घेऊ नकोस. तिच्या भिंतींत बहुधा जिप्सम किंवा त्याच्यासारखे काहीतरी भरलेले असते. जिप्सममध्ये वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढे पाणी बांधलेले असते आणि आगीत तेच वाफ होऊन आतल्या कागदांना वाचवते. कागदांसाठी ते उत्तम, पण अशा तिजोरीचे पोट एरवीही दमट राहते. आतून मखमल किंवा फोम लावण्याचा मोह तर मुळीच नको, कारण दोन्ही पाणी धरतात. चामड्याची पिशवीही नको. तिच्यात ठेवलेल्या नळीवर पिशवीच्या शिवणीचा गंजलेला ठसा मी स्वतः पाहिला आहे. फणसाच्या जुन्या वाळलेल्या लाकडाचे खाचा पाडलेले दोन ठोकळे सुताराकडून करून, वॉर्निश देऊन आत बसव. नळ्या त्यांत तोंड खाली करून उभ्या राहू देत. तेल खाली उतरते, म्हणजे ते तोंडाकडे जाते आणि खटक्याकडच्या टोकाला साचत नाही.

दाराच्या कडेने मोटारीच्या दाराला असते तसे रबरी बीडिंग लावून घे. आत अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत ठेव आणि शेजारी एक छोटा आर्द्रतामापक. काटा पन्नासच्या आसपास असावा. त्याहून फार कोरडेही नको, कारण दस्ता अक्रोडाचा आहे, तो तडकेल. निळे सिलिका जेल घेऊ नकोस, त्यात कोबाल्टचा क्षार असतो आणि तो विषारी आहे. नारिंगी मिळते ते घे. रंग पालटला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येते, मात्र त्यासाठी वेगळा पत्र्याचा डबा ठेव, केकचे भांडे नको. तुझी आजी पैठणीच्या कपाटात पावसाळाभर झीरोचा बल्ब लावून ठेवी. तो उपाय खरा होता, कारण तो बल्ब प्रत्यक्षात बारा-पंधरा वॉट खाई आणि कपाट उबदार ठेवी. हल्लीचा एलईडीचा झीरो बल्ब तापतच नाही, त्यामुळे तो लावून उपयोग नाही.

बंदूक हाताळून झाली की प्रत्येक वेळी तेलाच्या फडक्याने पुसून मगच ठेव. घामाचा एक अंगठा चार दिवसांत तांबूस उमटतो. तेल शिलाई मशीनचे चालेल. खोबरेल कधीही लावू नकोस, ते खवट होते आणि खटक्यात चिकट थर धरते. आपल्या शेजाऱ्यांच्या ठासणीच्या बंदुकीचा घोडा त्यापायीच अडकला होता. निवडणुकीत आचारसंहिता लागून बंदूक जमा करायची वेळ आली, तर जाड तेल देऊनच दे, आणि पोचपावतीवरचा नंबर तिथेच उभी राहून नळीवरच्या नंबराशी ताडून पाहा.

काडतुसे या तिजोरीत ठेवायची नाहीत. त्यांच्यासाठी झाकणाला रबर असलेला घट्ट डबा घे, आत सिलिका जेलची पुडी टाक, आणि तो डबा दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात ठेव. डब्यावर खरेदीची तारीख घाल, जुनी आधी वापर. पितळी बूड हिरवे पडलेले किंवा अंगाने फुगलेले काडतूस नळीत दामटायचे नाही. एका वहीत आणलेली, झाडलेली आणि उरलेली काडतुसे लिहीत जा. परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेशी तो हिशेब कधीही जुळला पाहिजे. ही वही मी माझ्या हाताने आखून पाठवीत आहे, लेखनिकाची खोड जात नाही.

शेवटी किल्लीबद्दल, आणि यासाठीच खरे तर एवढे लांबले. परवाना घराचा नसतो, एका माणसाचा असतो. जावईबापू सज्जन आहेत, पण त्यांच्या नावावर परवाना नाही, म्हणून किल्ली त्यांच्याकडेही नको. तू दोन दिवस कणकवलीला गेलीस आणि मागे डुकरे आली, तर त्यांनी फटाके लावावेत, डबे बडवावेत. त्यांना हे तू सांगायला संकोचशील, म्हणून माझे हे पान त्यांना वाचायला दे. मी गणपतीला येईन तेव्हा मीही ती बंदूक तू समोर असल्याशिवाय हातात घेणार नाही. तीस वर्षांच्या सवयीने माझा हात घड्याळामागे जाईल, तेवढे सांभाळून घे.

कुलपाबरोबर दोन किल्ल्या मिळतील. एक तुझ्या कमरेला राहू दे. दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये ठेव किंवा तुला योग्य वाटेल तिथे ठेव, पण घरात नको. आणि ती कुठे ठेवलीस हे मला कळवू नकोस.

मृग लागण्यापूर्वी काम उरकून घे. ओल्या दिवसांत रंग वाळत नाही, आणि नव्या रंगाची तिजोरी निदान पंधरा दिवस दार उघडे टाकून वाळवावी लागते. नातवास गोड पापा.

तुझे,
बाबा