कॅमेरा डायवरही हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका टूलरूममध्ये मी 28 वर्षे पत्रा कापण्या-घडवण्याचे साचे, म्हणजे वरचा पंच आणि खालची डाय, तयार करण्याचे व दुरुस्त करण्याचे काम केले. आज वसाहतीत फाटकावर, कच्च्या मालाच्या गोदामावर आणि कामगार जेथे उभे राहतात तेथे कॅमेरे दिसतात. परंतु पॉवर प्रेसमध्ये (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रात) बसवलेल्या लाखमोलाच्या प्रोग्रेसिव्ह डायकडे (पत्र्याची पट्टी पुढे सरकत टप्प्याटप्प्याने वस्तू घडवणाऱ्या साच्याकडे) तोंड केलेला कॅमेरा मला क्वचितच आढळला.

डाय बहुधा अगदी क्षुल्लक कारणाने मोडते. तयार जॉब (वस्तू) बाहेर न पडता डायवरच राहतो, तेलामुळे स्लग (भोक पाडताना सुटलेला पत्र्याचा तुकडा) पंचाला चिकटून वर येतो, किंवा पट्टी मिलिमीटरभर मागे राहते आणि पायलट पिन (पट्टी जागेवर आणणारी खुंटी) भोकात न जाता पत्र्यावर आदळते. 1 मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासाठी पंच आणि डाय यांच्यात एका बाजूला साधारण 0.05 ते 0.1 मिलिमीटर एवढीच फट असते. तेथे एक जादा तुकडा आला की हार्डनिंग केलेल्या पोलादाची कड उडते, कधी पंचच तुटतो. मिनिटाला 60 स्ट्रोक (वर-खाली फेऱ्या) चालणाऱ्या प्रेसवर प्रत्येक वेळी हे डोळ्यांनी तपासणे माणसाला शक्य नाही. तरीही अहवालात ‘ऑपरेटरचे दुर्लक्ष’ असेच लिहिले जाते. एका तरुण ऑपरेटरला याच कारणावरून दोन दिवस घरी बसवल्याचे मी पाहिले आहे. डाय उघडली तेव्हा पंचाखाली एकावर एक दाबले गेलेले दोन स्लग निघाले. त्या मुलाची काहीही चूक नव्हती, आणि हे मला आजही सलते.

उपाय समजायला अवघड नाही. रॅम (पंच धरून वर-खाली होणारा प्रेसचा भाग) वर असताना कॅमेरा डायचे छायाचित्र घेतो, स्वच्छ डायच्या साठवलेल्या चित्राशी ते ताडून पाहतो आणि फरक आढळल्यास पुढचा स्ट्रोक रोखतो. प्लॅस्टिकच्या इंजेक्शन मोल्डिंग यंत्रांवर साच्यात अडकलेला जॉब शोधण्यासाठी हीच पद्धत वापरली जाते.

अडचण आहे ती आपल्याकडच्या जुन्या प्रेसची. लहान शेडमधील अनेक सी-फ्रेम (C आकाराच्या सांगाड्याच्या) प्रेसना पिन क्लच (फिरत्या चाकाशी खिळीने जोडणारा क्लच) असतो आणि तो एकदा गुंतला की रॅम पूर्ण फेरी घेतल्याशिवाय थांबत नाही. अशा प्रेसवर नुसता भोंगा वाजवणारा कॅमेरा निरुपयोगी आहे. एकेक स्ट्रोक घ्यावा आणि कॅमेऱ्याने होकार दिल्यावरच पेडल लागू व्हावे, अशी जोडणी लागते. सलग स्ट्रोकसाठी हवेवर चालणारा, मध्येच सोडता येणारा फ्रिक्शन क्लच आणि ब्रेक हवा, शिवाय ब्रेक लागेपर्यंत रॅम किती खाली येतो याचाही हिशेब हवा. तेलकट पत्र्याची चमक आणि प्रेसचा हादरा यांमुळे खोटे इशारे येतात, म्हणून कॅमेरा प्रेसच्या बॉडीपासून वेगळ्या खांबावर बसवावा आणि त्याला स्वतःचा, आडोसा केलेला दिवा द्यावा. खोटे इशारे वाढले की चार दिवसांत कोणीतरी ती यंत्रणाच बायपास करतो, म्हणजे तिला वगळून प्रेस चालवतो, हे सेन्सरच्या बाबतीत मी अनेकदा पाहिले आहे. आणखी एक गोष्ट निक्षून सांगतो: हा कॅमेरा डाय वाचवतो, हात वाचवत नाही. कारखाने अधिनियम, 1948 मध्ये यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची जबाबदारी स्पष्ट सांगितली होती. कॅमेऱ्याच्या नावाखाली प्रेसचे गार्ड निघता कामा नये.

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि मिरजेचे शासकीय तंत्रनिकेतन येथील विद्यार्थ्यांनी अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून एखाद्या जुन्या पिन क्लच प्रेसवर ही व्यवस्था उभी करावी आणि उद्योजकांच्या संघटनांनी त्यासाठी प्रेस उपलब्ध करून द्यावा, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे. डाय बसवून देण्यास आणि चुकीचे फीड (पट्टी कमी-जास्त सरकणे), अडकलेला जॉब, वर आलेला स्लग हे सारे मुद्दाम घडवून चाचणी घेण्यास मी विनामोबदला येईन.

आपला,
एक निवृत्त टूलमेकर,
कुपवाड, जि. सांगली